पंचांचा निवाडा आणि स्त्रीची संमति

‘पांचामुखीं परमेश्वर’ ही म्हण मराठी माणसाच्या ओठांवर इतकी सहज येते कीं, तिच्यांत कांहीं तपासून पाहण्याजोगें आहे असें सहसा कोणास वाटत नाहीं. दोन भावांचा बांधावरून तंटा झाला, विहिरीच्या पाळीवरून बोलाचाली झाली, तर गांवांतील चार जाणतीं माणसें देवळाच्या पारावर बसून तो मिटवीत. कोर्टाची पायरी चढावी लागत नसे, पैसा वांचे, आणि पुढच्या हंगामांत दोघे भाऊ पुन्हा एकमेकांच्या इर्जिकीस जात. ही रीत वाईट होती असें कोण म्हणेल? परंतु तंटा बांधाचा नसून एखाद्या स्त्रीच्या संसाराचा असला, आणि निवाडा देणाऱ्या पांच मुखांत स्त्रीचें मुख एकही नसलें, तर त्या मुखांतून बोलणारा परमेश्वर कोणाची बाजू घेतो, हा प्रश्न त्या म्हणींत विचारलेला नाहीं.

हा प्रश्न एका धर्माचा नाहीं आणि एका देशाचाही नाहीं. हिंदूंच्या अनेक जातींत जातपंचायत आहे; मुसलमानांत काजी व दार-उल-कजा आहेत; रोमन कॅथलिक पंथांत ‘हा विवाह मुळांत झालाच नव्हता’ असें ठरविणारें धर्मपीठाचें न्यायमंडळ आहे; यहुदी समाजांत बेथ-दीन नांवाचें पंचमंडळ आहे. या सर्वांच्या कैवाऱ्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, घरांतील भांडण आपल्या धर्माप्रमाणें व आपल्याच माणसांकडून मिटावें. सरकारनें त्यांत पडूं नये. उलट बाजू म्हणते कीं, विवाह, पोटगी, मुलांचा ताबा हे नागरिकत्वाचे विषय आहेत. ते धर्मपंचांच्या हातीं सोंपविले कीं स्त्रीचे हक्क तेवढ्यापुरते बुडाले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. एकाचें तथ्य कोठें संपतें आणि दुसऱ्याचें कोठें सुरू होतें, हें ठरवावयाचें तर एक शब्द नीट तपासला पाहिजे. तो शब्द म्हणजे ‘संमति’.

लवाद म्हणजे काय? न्यायाधीश सरकार नेमतें. लवाद मात्र पक्षकार स्वतः नेमतात. दोघांनीं आपल्या खुषीनें ‘अमुक माणूस जें सांगेल तें आम्ही ऐकूं’ असें कबूल केलें म्हणूनच लवादाच्या शब्दास वजन येतें. त्याचा अधिकार उसना असतो, आणि तो उसना देणारे दोन्ही पक्ष असावे लागतात. हें तत्त्व मराठी मुलखास नवें नाहीं. मराठी राज्यांत गोतसभेपुढें वाद आला म्हणजे वादी व प्रतिवादी या दोघांकडून ‘राजीनामा’ लिहून घेत. आज राजीनामा म्हटला कीं नोकरी सोडल्याचें पत्र डोळ्यांपुढें येतें. त्या काळीं त्याचा अर्थ शब्दशः राजी असल्याचें पत्र, म्हणजे होणारा निवाडा मान्य करूं अशी कबुली, असा होता. तिच्या जोडीला जामीनही घेतला जाई. निवाडा झाला म्हणजे महजर लिहिला जाई, आणि हरणाऱ्याकडून ‘यजितखत’, म्हणजे हार मान्य असल्याचा लेख, करून घेत. एवढी खटपट करण्याचें कारण उघड आहे. ज्यानें ‘राजी आहें’ म्हटलें नाहीं त्याच्यावर पंचांचा निवाडा लादतां येत नाहीं, हें त्या जुन्या पंचांनाही कळत होतें.

पेशवाई १८१८ मध्यें बुडाल्यावर एल्फिन्स्टन साहेबानें पंचायतींची रीत कांहीं काळ चालूं ठेवली. पुढें १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनानें मुंबई इलाख्यांतील दिवाणी न्यायालयांस जातीच्या प्रश्नांत हात घालण्यास मनाई झाली. जातीच्या नांवाखालीं अब्रूस धक्का लावल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा तेवढा करतां येई. अशा रीतीनें जात हें एक स्वतंत्र संस्थान बनलें आणि त्याच्या सीमेवर सरकार थांबलें. परंतु सीमा कोठें आहे, याचा वाद लवकरच न्यायालयापुढें आला. १८७६ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें एका फौजदारी खटल्यांत असा निर्णय दिला कीं, विवाह रद्द ठरविण्याचा किंवा स्त्रीस दुसरें लग्न करण्याची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाहीं.

हा निर्णय वरवर पाहतां स्त्रीच्या बाजूचा वाटेल. परंतु त्यास दुसरी बाजूही आहे. उच्चवर्णीय हिंदूंत त्या काळीं स्त्रीस विवाहबंधनांतून सुटण्याचा मार्गच नव्हता. श्रमजीवी जातींत मात्र काडीमोड होई, आणि सोडलेल्या किंवा विधवा स्त्रीस पाट लावतां येई. ही मोकळीक तिला शास्त्रानें दिलेली नव्हती, सरकारी कायद्यानेंही नव्हती. ती जातीच्या रूढीनें व जातीच्या पंचांनीं दिलेली होती. म्हणजे न्यायालयानें जातीचा अधिकार नाकारला तेव्हां पुष्कळ गरीब स्त्रियांची सुटकेची वाटही अरुंद झाली. पंच नेहमीं जुलमी आणि कोर्ट नेहमीं दयाळू, अशी सोपी विभागणी करणाऱ्यानें हा इतिहास ध्यानांत ठेवावा.

कोर्ट नेहमीं दयाळू नसतें याचें सर्वांत बोलकें उदाहरण रखमाबाईंचें आहे. सुतार जातींतील ही मुंबईची मुलगी अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी यांस दिली गेली. परंतु ती आईकडेच वाढली, शिकली, आणि वयांत आल्यावर नांदावयास जाण्यास तिनें नकार दिला. दादाजींनीं १८८४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयांत दावा लावला. १८८५ मध्यें न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो फेटाळला. जें लग्न अजाण वयांत झालें आणि ज्यांतील संसार कधीं सुरूच झाला नाहीं, त्यासाठीं एका वयस्क स्त्रीस बळजबरीनें नवऱ्याच्या घरीं पाठविणें त्यांस रानटीपणाचें वाटलें. परंतु अपिलांत तो निर्णय टिकला नाहीं. १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम केला कीं, एका महिन्यांत नांदावयास जावें, नाहीं तर सहा महिन्यांची कैद भोगावी. रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्यें दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागें या खटल्यानें उठलेली खळबळ होती.

या खटल्यांतील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. नांदावयास लावण्याचा हा दावा मनुस्मृतींतून आलेला नव्हता आणि सुतारांच्या जातिरूढींतूनही आलेला नव्हता. तो इंग्लंडांतील ख्रिस्ती धर्मन्यायालयांचा उपाय होता. तेथून तो सरकारी न्यायालयांत आला, आणि तेथून हिंदुस्थानांत. धर्मपंचांपासून मुक्त म्हणविणाऱ्या न्यायालयानें एका हिंदु मुलीवर परक्या धर्मपंचांचाच दंडक चालविला. खुद्द इंग्लंडनें हा उपाय १९७० मध्यें रद्द केला; आपल्या १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या नवव्या कलमांत तो आला, आणि १९८४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें कलम वैध ठरविलें. तेव्हां नुसता ‘सरकारी कायदा’ हा शब्द उच्चारल्यानें स्त्री सुरक्षित होत नाहीं. त्या कायद्यांत काय लिहिलें आहे, हें पाहावें लागतें.

मुंबई प्रांतानें या बाबतींत इतरांच्या आधीं पाऊल टाकलें. १९४६ मध्यें हिंदूंच्या द्विभार्याविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि १९४७ मध्यें हिंदु घटस्फोटाचा कायदा झाला. नवऱ्यानें दुसरी बायको केल्यास पहिलीनें कोठें जावें, आणि छळ सोसवेना तर सुटावें कसें, या दोन प्रश्नांस प्रथमच लेखी उत्तर मिळालें. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें तें उत्तर सर्व देशास लागू केलें. मात्र त्याच कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमानें रूढीप्रमाणें मिळणारा काडीमोडही शिल्लक ठेवला. म्हणून पंचांपुढें झालेली फारकत आजही सर्वथैव निरर्थक नसते. परंतु अशी रूढि त्या जातींत प्राचीन कालापासून अखंड चालत आली आहे, हें सिद्ध करावें लागतें. मुद्रांकाच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या म्हणजे घटस्फोट झाला, हा समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयानें २००२ मध्यें हेंच स्पष्ट केलें. अशा कागदावर विसंबून दुसरें लग्न करणाऱ्या स्त्रीस तें लग्न कायद्यानें लग्नच नव्हतें असें पुढें ऐकावें लागतें, आणि त्या वेळीं कागद करून देणारे पंच साक्षीसही उभे राहत नाहींत.

मुसलमान समाजांतील वादही असाच गुंतागुंतीचा आहे. १९३९ च्या कायद्यानें मुसलमान स्त्रीस न्यायालयांतून विवाहविच्छेद मिळविण्याचा हक्क दिला. चार वर्षें नवऱ्याचा ठावठिकाणा नसणें, दोन वर्षें त्यानें पोटगी न देणें, अशीं कारणें त्यांत घातलेलीं आहेत. परंतु नवऱ्यास तीनदां शब्द उच्चारून बायकोस घालवून देण्याची मोकळीक तशीच राहिली. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनीं १८ एप्रिल १९६६ रोजीं मुंबईस विधानभवनावर सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा नेला. सात ही संख्या लहान दिसते. परंतु त्या सात जणींनीं आपल्या समाजाचा रोष पत्करून रस्त्यावर पाऊल टाकलें होतें. पुढें १९७० मध्यें पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली.

या प्रश्नावरील एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रांतलाच आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या त्या वेळच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठानें २००२ मध्यें, लातूरकडील एका प्रकरणांत, असें ठरविलें कीं, ‘पूर्वीं तलाक दिला आहे’ एवढें न्यायालयांत लिहून दिल्यानें तलाक सिद्ध होत नाहीं. त्यास योग्य कारण असलें पाहिजे, आणि त्यापूर्वीं नवऱ्याकडचा एक व बायकोकडचा एक असे दोन मध्यस्थ बसवून समेटाचा प्रयत्न झालेला असला पाहिजे. आणि हें सर्व पुराव्यानें शाबीत झालें पाहिजे. दोन्हीकडच्या मध्यस्थांची ही अट कुराणांतच सांगितलेली आहे. येथें धर्मांतली लवादाची कल्पना स्त्रीच्या रक्षणास आली, हें विसरतां कामा नये. तिच्या बाजूचा एक माणूस त्या बैठकींत असलाच पाहिजे, असें धर्मग्रंथ सांगत होता. रूढीनें त्या माणसाची जागा रिकामी ठेवली होती.

नंतर २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दार-उल-कजांविषयीं निर्णय दिला. त्यांवर बंदी घालण्याचें न्यायालयानें नाकारलें. कोणी आपल्या खुषीनें तेथें सल्ला मागितला तर त्यांत बेकायदेशीर कांहीं नाहीं. परंतु तेथील फतवा म्हणजे मत आहे, हुकूम नव्हे. तो कोणावरही बंधनकारक नाहीं, आणि ज्या व्यक्तीनें विचारलेंच नाहीं तिच्या हक्कांविषयीं तिसऱ्याच्या सांगण्यावरून फतवा काढूं नये, असें न्यायालयानें बजावलें. २२ ऑगस्ट २०१७ रोजीं तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानें एका दमांत दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरला, आणि २०१९ च्या कायद्यानें तो गुन्हा झाला. कॅथलिक पंथाच्या बाबतींतही २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, धर्मपीठाच्या न्यायमंडळानें विवाह रद्द केला म्हणून देशाच्या कायद्यानें तो रद्द होत नाहीं. तीन समाज, तीन प्रकारचे पंच. परंतु तिन्हींस आंखून दिलेली रेषा एकच आहे.

हीच रेषा आंखतांना परदेशांतही बरीच खळबळ झाली. कॅनडांतील ओंटॅरिओ प्रांताच्या १९९१ च्या लवाद कायद्याप्रमाणें पक्षकार ज्या नियमांस राजी होतील त्या नियमांनीं कौटुंबिक वादाचा बंधनकारक निवाडा करतां येत असे. यहुदी व ख्रिस्ती पंच तसे निवाडे करीतही होते. २००३ मध्यें एका मुसलमान संस्थेनें शरियतप्रमाणें लवाद चालविण्याचा मनोदय जाहीर केला आणि मोठें वादळ उठलें. सरकारनें मॅरियन बॉइड या माजी अॅटर्नी-जनरल बाईंना चौकशीस बसविलें. डिसेंबर २००४ मध्यें त्यांनीं असा अहवाल दिला कीं, धर्माधारें लवाद चालूं द्यावा, मात्र त्यावर कडक बंधनें असावींत. विरोध करणाऱ्यांत कोण होतें? पुष्कळशा मुसलमान स्त्रियाच होत्या. त्यांतील कित्येक जणी धर्मन्यायालयांचा अंमल असलेल्या देशांतून निघून तेथें आलेल्या होत्या. सप्टेंबर २००५ मध्यें मुख्यमंत्री मॅकगिन्टी यांनीं सर्वच धर्मांच्या बंधनकारक कौटुंबिक लवादास नकार दिला, आणि २००६ मध्यें तसा कायदा झाला. कौटुंबिक लवाद राहिला. परंतु तो कॅनडाच्या कायद्याप्रमाणेंच चालला पाहिजे, आणि प्रत्येक पक्षानें आधीं स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतलेला असला पाहिजे, अशी अट आली.

इंग्लंडांत निराळाच अनुभव आला. तेथील शरियत-मंडळांची सरकारनें चौकशी करविली. तिचा अहवाल २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. या मंडळांकडे येणाऱ्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक स्त्रियाच होत्या, आणि त्या बहुतेक सर्व विवाहविच्छेद मागण्यासाठीं येत होत्या. स्त्रियांस अशा मंडळांची ओढ आहे असा याचा अर्थ नव्हे. कित्येकींचे विवाह सरकारदरबारीं नोंदलेलेच नव्हते, म्हणून सरकारी न्यायालयांत त्यांस दादच मागतां येत नव्हती. ज्यांचे नोंदलेले होते त्यांनाही धर्माची मोकळीक मिळाल्यावांचून समाजांत पुन्हा लग्न करतां येत नव्हतें. मंडळें बंद केलीं तर त्या स्त्रिया अडकून पडतील. चालूं ठेवलीं तर मंडळांचा वरचष्मा कायम राहील. म्हणून अहवालानें भर दिला तो विवाहनोंदणीवर. मूळ दुरुस्त केलें तर फांदी आपोआप हलकी होते, असा त्याचा रोख होता. विवाहाची नोंद सरकारी दप्तरांत सक्तीनें करण्याची रीत गोव्यांत पोर्तुगीज अमदानीपासून आहे. तिचें महत्त्व अशा वेळीं कळतें.

आतां दूरच्या देशांतून अहिल्यानगर जिल्ह्यांत परत येऊं या. पुणें-नगर रस्त्यावरील सुपा हें पारनेर तालुक्यांतील गांव. जवळच औद्योगिक वसाहत झाल्यापासून तेथें दूरदूरचीं कुटुंबें कामास आलीं. समजा, अशा एका कुटुंबांतील स्त्रीस नवऱ्यानें घराबाहेर काढलें आहे. पदरीं एक मूल आहे. तिच्यापुढें दोन वाटा आहेत. एक पारनेरच्या न्यायालयाची. तेथें जावयाचें म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. वकिलाची भाषा समजत नाहीं. तारखेमागून तारीख पडते. आणि ओळखीचें माणूस कोणी नसतें. दुसरी वाट जमातीच्या पंचांची. पंच दोन दिवसांत बसतात, तिच्याच बोलींत बोलतात, तिच्या बापास नांवानें ओळखतात, आणि निवाडा त्याच रात्रीं होतो. पंचांकडे लोक कां जातात याचें उत्तर धर्मवेडांत शोधण्याआधीं या दोन वाटांच्या लांबींत शोधावें.

पंचांनीं तिला सांगितलें : फारकत घे, पोटगी मागूं नकोस, मूल बापाकडे राहील. ती ‘बरें’ म्हणते. हें ‘बरें’ म्हणजे संमति आहे काय? ‘नाहीं’ म्हटलें असतें तर काय झालें असतें, या प्रश्नाच्या उत्तरावर तें ठरेल. दुसऱ्या दिवशीं उठून पारनेरास जाण्याची मोकळीक तिला खरोखर असेल, तर तिचें ‘बरें’ खरें आहे. परंतु ‘नाहीं’ म्हटल्याबरोबर तिच्या बापास दंड होणार असेल, धाकट्या बहिणीचें ठरलेलें लग्न मोडणार असेल, भावाच्या घरीं मयत झाली तर खांदा द्यावयास कोणी येणार नसेल, तर त्या ‘बरें’ला राजीनामा म्हणतां येत नाहीं. तें भीतीनें निघालेलें अक्षर आहे. धार्मिक लवादाचे सुजाण पुरस्कर्तेही संमतीची अट मान्य करतात. त्यांचा दोष एवढाच कीं, ती संमति ज्या घरांतून व ज्या जमातींतून काढून घेतली जाते तेथें ते डोकावून पाहत नाहींत.

म्हणून सगळ्या वादाचें बूड बहिष्कारांत आहे. पंचांच्या हातांत बहिष्काराचें शस्त्र असेल तोंपर्यंत त्यांचा सल्ला हा सल्ला राहत नाहीं. मुंबई सरकारनें १९४९ मध्येंच बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंनीं त्यास आव्हान दिलें, आणि १९६२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक अशा मतांनीं तो कायदा घटनाबाह्य ठरविला. पंथाच्या धर्मस्वातंत्र्यावर त्यानें घाला येतो असें बहुमताचें म्हणणें पडलें. सरन्यायाधीश सिन्हा यांनीं मात्र निराळें मत नोंदविलें. तो जुना निर्णय योग्य होता कीं काय, हा प्रश्न २०२३ मध्यें अधिक मोठ्या पीठाकडे सोंपविण्यांत आला.

दरम्यान महाराष्ट्रांत गोष्टी थराला गेल्या. रायगड जिल्ह्यांतील गांवकीच्या बहिष्काराचीं प्रकरणें उच्च न्यायालयापर्यंत पोंचलीं. जून २०१३ मध्यें नाशिक येथें आंतरजातीय लग्न केलेल्या एका गर्भवती मुलीचा तिच्या बापानेंच जीव घेतला, आणि त्यामागें जातपंचायतीचा दाब असल्याचें पुढें आलें. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनें जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला, तरी मोहीम थांबली नाहीं. पाथर्डी तालुक्यांतील मढी येथें कानिफनाथांच्या यात्रेस भटक्या जमाती एकत्र येत आणि तेथेंच त्यांच्या पंचायती भरत. या जमातींतील तरुणतरुणींनींच पुढें पंचांस जाब विचारण्यास आरंभ केला. कंजारभाट समाजांतील कांहीं सुशिक्षित मुलामुलींनीं २०१७-१८ मध्यें नववधूच्या कौमार्यपरीक्षेच्या रूढीविरुद्ध उघड आवाज उठविला. सुधारणा बाहेरून लादली गेली असें या बाबतींत कोणी म्हणूं शकणार नाहीं.

१३ एप्रिल २०१६ रोजीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा एकमतानें संमत केला, आणि राष्ट्रपतींची संमति मिळून जुलै २०१७ पासून तो अंमलांत आला. असा कायदा करणारें महाराष्ट्र हें पहिलें राज्य. बहिष्कार घालणारास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा त्यांत सांगितल्या आहेत. बहिष्काराच्या बाजूनें मत देणारा पंचही त्यांत दोषी ठरतो. आणि वसूल झालेल्या दंडांतून पीडितास भरपाई देतां येते. या कायद्यानें पंचांस बसण्याची बंदी केली नाहीं, समेट घडविण्याचीही केली नाहीं. त्यांच्या हातांतली काठी तेवढी काढून घेतली. पंचांचा शब्द आतां त्यांच्या शहाणपणावर चालावा, दहशतीवर चालूं नये, एवढाच त्याचा हेतु.

परंतु काठी काढून घेतल्यानें काम अर्धेंच झालें. उरलेलें अर्धें काम न्यायालयाची वाट आंखूड करण्याचें आहे. कायद्याच्या पुस्तकांत त्याची बरीच तयारी आहे. १९८४ च्या कुटुंब-न्यायालय कायद्यानें समुपदेशक नेमण्याची व आधीं समेटाचा प्रयत्न करण्याची सोय केली. १९८७ च्या कायद्यानें प्रत्येक स्त्रीस, तिचें उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळण्याचा हक्क दिला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याप्रमाणें ती जेथें राहते तेथील मॅजिस्ट्रेटाकडे अर्ज करतां येतो, आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा असें त्यांत म्हटलें आहे. पोटगीचा हक्क कोणत्याही धर्माच्या स्त्रीस आहे. १९८५ च्या शाहबानो प्रकरणानंतर त्यावर केवढें रण माजलें तें सर्वांस ठाऊक आहे. १० जुलै २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें घटस्फोटित मुसलमान स्त्रीसही तो सर्वसाधारण कायद्याखालीं मागतां येतो असें पुन्हा निःसंदिग्ध सांगितलें. २००७ मध्यें सुरू झालेल्या तंटामुक्त गांव मोहिमेनें तर गांवांतल्या गांवांत, जातीधर्माचा शिक्का नसलेलें मध्यस्थमंडळ उभें करण्याचा प्रयत्न केला. उणें आहे तें अंमलबजावणींत. साठ दिवसांचे सहाशें दिवस होतात, तेव्हां प्रत्येक पुढें ढकललेली तारीख त्या स्त्रीस पुन्हा पंचांच्या दारीं नेऊन उभी करते.

तेव्हां सुशिक्षित कुटुंबांनीं या वादांत कोणती भूमिका घ्यावी? ‘धर्मांत ढवळाढवळ नको’ म्हणून हात झटकणें जितकें सोपें, तितकेंच ‘हे सगळे पंच बंद करा’ म्हणणेंही सोपें. दोहोंनींही त्या स्त्रीचें काम होत नाहीं. नात्यांत, शेजारांत, कारखान्यांत कोणाच्या संसाराचा वाद पंचांपुढें किंवा वडीलधाऱ्यांपुढें जावयाचा असेल, तर चार गोष्टी विचाराव्यात. बैठकींत स्त्रिया आहेत काय, आणि तिनें स्वतः निवडलेलें एक तरी माणूस आहे काय? तिचे कायद्यानें मिळणारे हक्क तिला आधीं कोणीं समजावून सांगितले आहेत काय? ठरलेलें तिला वाचून दाखवून, विचारास अवधि देऊन, मगच सही घेतली जात आहे काय? आणि तिनें ‘नाहीं’ म्हटलें तर तिच्या माहेरास त्याची झळ लागणार नाहीं, अशी खात्री आहे काय? चारींचें उत्तर ‘होय’ असेल तर पंच कोणत्याही धर्माचे असोत, त्यांनीं खुशाल समेट घडवावा. पोटगी व मुलाचा ताबा मात्र न्यायालयांतून पक्का करून घ्यावा. एकाचेंही उत्तर ‘नाहीं’ असेल, तर तिला घेऊन तालुक्याच्या विधि-सेवा समितीकडे जावें. तिच्याबरोबर तेथपर्यंत चालत जाणारें माणूस तिला मिळालें, तर पारनेरची वाट तिला निम्मी झाली असें समजावें.